काटा हलत नाही तेव्हा



सोलापूर स्टेशनावर पूर्वी वजनाचं एक उंच मशीन असायचं. नाणं टाकलं की दिवे चमकायचे, चक्र फिरायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. अब्बांच्या तिकिटावर कायम ५६ नाहीतर ५७ किलो. अब्बा शिंपी होते, अंगानं काडीसारखे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्याच अब्बांचा डावा पाय १९९८ मध्ये मधुमेहामुळे गुडघ्याखालून कापावा लागला. पायानं मशीन चालवून ज्यांनी आम्हा पाच भावंडांना वाढवलं, त्यांचा पाय! नंतर ते मशीनपाशी बसलेच नाहीत.

मी मात्र चांगला भरलेला. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.३ आली. ''उंबरठ्यावर आहात, अजून आत गेला नाहीत,'' डॉक्टर म्हणाले. वजन होतं ८४ किलो. दुसऱ्या दिवसापासून सिद्धेश्वर तलावाकाठी पाऊण तास चालू लागलो. चहातली साखर सोडली. रात्रीचा भात जाऊन ज्वारीची अर्धी भाकरी आली. आणि वजनाचा एक काटा विकत आणला.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. साऱ्या मोहल्ल्याला सांगून झालं. मग काटा अडला. दोन महिने ८३ च्या आसपास हटून बसला. गझल लिहिणाऱ्याला 'वजन' या शब्दाचा भारी धाक; एक मात्रा इकडची तिकडे झाली तर मिसरा लंगडतो. त्याच धाकानं मी रोज सकाळी काट्यावर उभा राहायचो. एकदा मेहुण्याच्या घरी लग्नाची बिर्याणी झाली आणि सकाळी काटा एक किलो वर! त्या दिवशी चालायला गेलो नाही. त्यानंतरचे तीन दिवसही नाही. कशासाठी जायचं, असं वाटत होतं.

डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलो. ते हसले. म्हणाले, ''एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. ते पाणी आहे.'' मीठ जास्त खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. माझा पहिल्या आठवड्याचा दीड किलो बहुतेक त्यातलाच, आणि मी मोहल्ल्यात मिरवत होतो!

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन जवळपास सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं काटकुळी दिसली तरी चरबी आत दडलेली असू शकते. मला अब्बांची तिकिटं आठवली.

दुसरी गोष्ट चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नेमानं करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ राहिलं. आणि मौज अशी, की या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं! चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. त्यासाठी तो काट्याची परवानगी मागत नाही.

''कंबर मोजा,'' डॉक्टर म्हणाले. पँटच्या पट्ट्याजवळ नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात.

टेप घरातच होती, अब्बांच्या मशीनच्या खणात. कडा झिजलेल्या, सुरुवातीचे दोन-तीन आकडे पुसलेले. चालणं सुरू करताना चाळीस इंचाची पँट घट्ट बसायची. आता टेपवर अडतीस आले. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, तेव्हा पल्ला अजून लांब आहे. पण जिना चढताना दम लागत नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. ते काट्यावर कुठून दिसणार?

पुन्हा चालू लागलो. चौथ्या महिन्यात रक्त तपासलं. ६.३ चे ५.९ झाले होते. वजन ८३.

काटा आता आठवड्यातून एकदाच बाहेर निघतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप काढतो. गेल्या वेळी बायकोनं माझ्या हातून ती ओढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला लावली. तेहतीस. मर्यादा साडेएकतीस इंचांची, हे तिला ठाऊक होतं. काही न बोलता तिनं टेप गुंडाळून खणात ठेवली. रात्री दिवा मालवताना म्हणाली, ''कल मेरेकू बी उठाव.''