बिनतारी जोडणी आणि आमची युनियन



या व्याख्यानमालेत विद्वान माणसे बोलून जातात. मी सातवीपर्यंत शिकलेला, पुढचे सारे गेटवर आणि रात्रीच्या लोकलमध्ये वाचून मिळवलेला माणूस. तेव्हा माझा विषय अंगठ्याएवढाच आहे. संगणकाला वायफाय देणारा, चारपाचशे रुपयांना मिळणारा अडॅप्टर.

परंदवडीत आमच्या युनियनची एक खोली आहे. तळेगाव-उर्से भागातल्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार पाळी सुटल्यावर तिथे येतात. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, पगारपत्रके, नोटिशीची उत्तरे असले काम चालते. खोलीतला संगणक जुना. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि पुढची आवृत्ती हे यंत्र घेईना. यंत्र मात्र धडधाकट होते. आमच्या एका सभासदाचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, "काका, फेकू नका. लिनक्स मिंट टाकून देतो." त्याने मिंटची बाविसावी आवृत्ती टाकली. एका दुपारी संगणक तरुण झाला. फक्त वायफाय मुके झाले.

आता प्रसंग असा की दोन दिवसांवर तारीख होती आणि नव्या सभासदांची यादी पुण्याच्या वकिलांकडे पाठवायची होती. त्या यादीतले एकही नाव तारखेआधी बाहेर फुटून चालणार नव्हते. कंत्राटी कामगाराला काढायला कारण लागत नाही, दुसऱ्या दिवशी गेटपास मिळत नाही एवढेच होते. म्हणून नाक्यावरच्या सायबर कॅफेत ती यादी उघडायला मी तयार नव्हतो.

अडॅप्टर लावला की पडद्यावर एका तबकडीचे चित्र येई. तबकडी उघडली तर आत विंडोजचीच सामग्री. पोराने निदान केले की ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. तो इंटरनेटवर मिळतो, आणि इंटरनेटच नाही! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. शेवटी त्याने आपला मोबाईल तारेने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट घेतले, दुभाष्याची मूळ संहिता उतरवून घेतली आणि ती संगणकावर बांधायला बसला. माल तयार झाला, पण काम करीना. रात्रीचे अकरा वाजले. मोबाईलवरून यादी तेवढी पाठवून घेतली. पण पोरगा सकाळी कॉलेजला जाणार, मोबाईल त्याच्याबरोबर जाणार. युनियनचे दप्तर एका पोराच्या खिशावर किती दिवस चालवायचे?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसलो. जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी एक आज्ञा त्याने मला लिहून दिली होती. तीत आमच्या अडॅप्टरचा क्रमांक होता १ए२बी, आणि पुढे शब्द होता 'डिस्क'. मी चमकलो. हा वायफायचा अडॅप्टर आहे असे संगणकाला ठाऊकच नव्हते! बनवणाऱ्यांनी त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरला होता आणि तो सहज मिळावा म्हणून अडॅप्टरला प्रथम तबकडीचे सोंग दिले होते. विंडोजवर ड्रायव्हर बसला की सोंग उतरते. आमच्याकडे ते आपोआप उतरत नव्हते. मी त्या चित्रावर टिचकी मारून 'बाहेर काढा' म्हटले. चित्र गेले. पुन्हा यादी पाहिली तर क्रमांक झाला होता सी८११, आणि कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावे उमटली. आम्ही रात्रभर दुभाष्या बांधत होतो आणि दुभाष्या आतच बसलेला होता.

तो आत कसा आला, हे मला शोधावेसे वाटले. लिनसने १९९१ साली लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. त्याची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, मात्र सुधारून वाटली तर संहिताही वाटावी, अशी पुढे त्याची अट झाली. वायफायच्या चिपा बनवणारे मात्र आपल्या चिपेची भाषा कुलपात ठेवीत. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी काय केले ते ऐका. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते याचे नुसते वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने कंपनीच्या मालाकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर लिहिला. चोरीचा आळ येऊ नये म्हणून ही वाटणी! २००६ साली तो गाभ्यात दाखल झाला. तरीही चिपेत भरायचा मजकूर प्रत्येकाने कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून घ्यायचा होता, कारण तो वाटण्याची परवानगी नव्हती. २०१० साली कंपनीने आपल्या काही नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. संप मिटतात ते असेच, दोन पायऱ्या त्यांच्या आणि दहा आपल्या.

त्या कामात लॅरी फिंगर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. पासष्टीच्या सुमारास ते यात पडले आणि पुढे जवळजवळ दोन दशके वायफायचे ड्रायव्हर दुरुस्त करीत राहिले. २०२४ साली ते वारले. आमच्या अडॅप्टरच्या जातीचा ड्रायव्हर गाभ्याच्या ६.२ या आवृत्तीत २०२३ साली आला. आमच्या मिंटमध्ये ६.८ आहे, म्हणून तो आयता होता. मला छप्पन्नाव्या वर्षी संगणक शिकायची लाज वाटत असे. त्या गृहस्थांचे वय वाचल्यावर ती गेली.

एक अडचण राहिली होती. संगणक बंद करून सुरू केला की सोंग परत चढे. महिनाभर मी रोज सकाळी तबकडी हाताने बाहेर काढीत असे. उदबत्ती लावून झाली की हेच दुसरे काम. मग पोराने आणि मी मिळून नियमांच्या फायलीत एक ओळ लिहिली: १ए२बी दिसला की त्याला आपोआप बाहेर काढ. ओळीत एक अवतरणचिन्ह कमी पडले म्हणून दोन रविवार गेले, ते सोडा.

ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून खोलीतल्या पत्र्याच्या कपाटावर चिकटवली आहे. ज्यांच्याकडे असे मुके अडॅप्टर असतील त्यांनी रविवारी सकाळी घेऊन यावे. खोक्यावरचे नाव पाहून मात्र काही विकत आणू नका. एकाच नावाच्या खोक्यात यंदा एक चिप निघते आणि पुढच्या वर्षी दुसरी. आधी क्रमांक पाहू.