ओढणीतले पदक

(रामनवमीच्या यात्रेनिमित्त पोहरादेवी येथे जमलेल्या माजी सैनिक व युवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



जगदंबा माता आणि संत सेवालाल महाराज यांच्या या पावन भूमीवर आपण नवस फेडायला येतो. आज मी एका वेगळ्या ऋणाविषयी बोलणार आहे. हे ऋण आपल्या घरातल्या पेटीत, ट्रंकेत, कधी कधी आजीच्या ओढणीत दडलेले असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझ्या आजीच्या ओढणीला चांदीचे रुपये शिवलेले होते. त्यांत एक रुपया इतरांहून मोठा होता. आजी त्याला ‘लामचा रुपया’ म्हणे. लाम म्हणजे लढाई. आजी गेल्यानंतर ओढणी उसवली, तेव्हा त्या रुपयाच्या एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा दिसला, तर दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही साले. तो रुपया नव्हताच. पहिल्या महायुद्धाचे ते ब्रिटिश युद्धपदक होते. भिंगातून पाहिल्यावर कडेवर एक क्रमांक, एकेरी नाव आणि ‘ड्रायव्हर, एस. अँड टी. कोर’ अशी इंग्रजी अक्षरे लागली. सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोर, म्हणजे सैन्याला दाणागोटा आणि दारूगोळा पोहोचविणारे दल. येथे ड्रायव्हर म्हणजे मोटार चालविणारा नव्हे, तर खेचरे हाकणारा. माझे पणजोबा महायुद्धात खेचरे हाकीत होते, ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या कोणी उच्चारली नव्हती.

का उच्चारली नाही? याचे उत्तर शोधताना मला आपल्या समाजाचा इतिहास नव्याने वाचावा लागला. लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी शतकानुशतके या देशातील धान्य, मीठ आणि सैन्याची रसद वाहिली. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादुरांचे बलिदान झाले, तेव्हा त्यांचा देह उचलून आणणारा आणि स्वतःच्या घराला आग लावून अंत्यसंस्कार करणारा लखी शाह बंजाराच होता. आज त्या जागी रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे. अशा समाजाच्या अनेक गटांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. एका हाताने आपल्या बांधवांना चावडीवर हजेरी लावायला लावणारे सरकार दुसऱ्या हाताने रणांगणावर माणसे मागत होते. ज्या सरकारने कपाळावर डाग दिला, त्याच सरकारचे पदक छातीवर मिरवायचे कसे, असे त्या पिढीला वाटले असेल, तर तिला दोष कोण देईल?

काही तरुण मला विचारतात, “परकीयांच्या चाकरीचा अभिमान कशाला?” प्रश्न योग्य आहे. त्याचे माझे उत्तर असे : अभिमान बादशहाच्या मुखवट्याचा नाही, तो कडेवरच्या नावाचा आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले, ते इंग्रजांच्या प्रेमापोटी नव्हे. शस्त्र हाती आल्याखेरीज राष्ट्र उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याच भारतीय सेनेतून गेलेल्या सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली आणि १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. सैनिकाचे शौर्य राजसत्तेच्या मालकीचे नसते. ते त्याच्या मातीचे असते.

आणि हे शौर्य जगाने पाहिले आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत प्राण अर्पण केले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतील मोंतोने येथील नागरिकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या गावाला आठवण राहते. आपल्याला आपल्याच आजोबांचे पलटण-नाव ठाऊक नसावे काय? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धातील आपल्या ४६ जवानांची स्मृती दगडात कोरून जपली. आपल्या तांड्यांना तर महसुली नकाशावरही जागा नव्हती, मग दगड कोण रोवणार?

म्हणून शोध आपणच घ्यायचा आहे. तो कसा घ्यावा, हे अनुभवावरून सांगतो. पदक सापडले की चिंच वा राख लावून घासू नका. कडेवरची अक्षरे झिजली की सारे संपले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांना दिलेल्या तारकांवर व पदकांवरही नाव आणि क्रमांक कोरलेले असतात, म्हणून क्रमांक आधी उतरवून घ्या. फीत टाकून देऊ नका, तिचे रंगही बोलतात. गडद निळा, लाल आणि नारिंगी असे पट्टे असतील, तर तो जवान ब्रह्मदेशच्या आघाडीचा. मग सेवामुक्तीचे पुस्तक आणि पेन्शनचे कागद शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्या-त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. पूर्वज युद्धात कामी आला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहा. तेथे पुष्कळदा पित्याचे नाव आणि गावही मिळते.

एक अडचण लक्षात ठेवा. जुन्या कागदांत ‘वाशीम जिल्हा’ शोधू नका. १९०५ पासून १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यात होते आणि आपला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. राठोड, चव्हाण, पवार ही आडनावेही बहुधा सापडणार नाहीत. नाव आणि बापाचे नाव, एवढेच लिहिलेले असते, तेही साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे.

पदक चांदीचे न निघता कांस्याचे निघाले, तर मान खाली घालू नका. पहिल्या महायुद्धात मजूर दलांना आणि अनुचरांना कांस्यपदक दिले गेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, भारतातून सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी लढाऊ नव्हती. पाणी वाहणारी, खेचरे हाकणारी, रस्ते बांधणारी ती माणसे होती. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य भारतीय जवानांचा मात्र केवळ आकडा. २०२१ साली त्या आयोगानेच नेमलेल्या समितीने हा भेदभाव कबूल केला. कबुली मिळाली, पण आकड्याचे नाव करण्याचे काम घरच्यांचेच.

माझा शोध पूर्ण झाला, असे मी म्हणणार नाही. त्या काळातील सामान्य जवानांची कागदपत्रे फार थोडी उरली आहेत. पणजोबांची सेवापुस्तिका मिळाली नाही. ते कोणत्या बंदरातून गेले, काय पाहून आले, हे मला कधीच कळणार नाही. परंतु एक उलगडा झाला. आजीला वाचता येत नव्हते. तरीही अडीअडचणीच्या वर्षांत ओढणीचे इतर रुपये एक-एक करून सावकाराकडे गेले, हा एक तिने मोडला नाही. आम्ही तिला अडाणी समजत होतो. आमच्या घराचे अभिलेख कार्यालय तीच होती.

तेव्हा तरुण मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, पेटी उघडा आणि विचारा. जे सांगतील ते तारखेसह वहीत लिहा. पदक विकू नका, आटवू नका. पुढच्या रामनवमीला येताना ती वही घेऊन या. आईच्या चरणी नारळ ठेवतो, तसे त्या विसरलेल्या नावांचे वाचन आपण येथे करू.

जय सेवालाल! भारतमाता की जय!