फटफटीवाले राखणदार



आज मी तुम्हांला फटफटीवाल्यांची हकिगत सांगणार आहे. फटफटी म्हणजे मोटारसायकल. आता ती गावोगाव झाली आहे. कोणी तिच्यावर दुधाच्या किटल्या नेतो. कोणी कारभारणीला बाजाराला नेतो. पण अमेरिकेत काही माणसे फटफटीवर बसून एक निराळेच काम करतात. शिपाई मरण पावला, की त्याच्या शेवटच्या वाटेवर ती त्याला सोबत करतात. या कामाचा त्यांना पगार नाही. पेट्रोलही पदरचेच.

हे काम कसे सुरू झाले, ते ऐका.

अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस नावाचे राज्य आहे. सपाट मुलूख. तिथे गहू पुष्कळ पिकतो. त्या राज्यात मल्वेन नावाचे एक लहान गाव आहे. २००५ सालची गोष्ट. तेव्हा अमेरिकेचे सैन्य इराक देशात लढत होते. ती लढाई २००३ साली सुरू झाली होती. लहान लहान गावांतली पोरे तिकडे गेली होती. त्यांतली काही जिवंत परत आली नाहीत. त्यांच्या शवपेट्या आल्या. तिकडे पुष्कळ लोक मृतदेह पेटीत ठेवून पुरतात. शिपायाच्या पेटीवर देशाचे निशाण घालतात.

त्याच राज्यात टोपेका शहरात वेस्टबोरो नावाचे एक चर्च आहे. त्याचा पंथ अगदी लहान. त्यात बरीचशी माणसे एकाच घराण्यातली. त्यांचे म्हणणे असे, की पुरुषाने पुरुषावर आणि बाईने बाईवर प्रेम केलेले या देशाने चालवून घेतले. म्हणून देव कोपला. देशाला शिक्षा म्हणून तो शिपाई मारतो. एवढे म्हणून ती माणसे थांबली नाहीत. २००५ साली ती शिपायांच्या अंत्यविधीला जाऊन उभी राहू लागली. हातांत मोठमोठ्या पाट्या. पाट्यांवर काय लिहिलेले? शिपाई मेले, देवाचे आभार!

विचार करा, मंडळी. आईचा पोटचा गोळा पेटीत आहे. बायको लहान पोर कडेवर घेऊन उभी आहे. आणि रस्त्यापलीकडून कोणी म्हणतो आहे, मेला ते बरे झाले. तुम्ही काय कराल? काठी घ्याल ना? खरे सांगतो, माझाही हात शिवशिवला असता.

मल्वेन गावात माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा होती. त्या संघटनेचे नाव अमेरिकन लीजन. ती १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झाली. या शाखेत फटफटीवाल्यांचा एक गट होता. त्या पाट्यांची बातमी ऐकून त्यांनाही राग आला. पण त्यांनी काठी उचलली नाही. मारामारी झाली असती, तर पोलीस आले असते, आरडाओरडा झाला असता. मग त्या आईच्या हाती काय उरले असते? तिच्या मुलाचा शेवटचा दिवस भांडणातच गेला असता.

म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी ठरवले, आपण मध्ये उभे राहायचे.

बघता बघता इतर राज्यांतले लोकही येऊन मिळाले. त्याच वर्षी त्यांची वेगळी संघटना झाली. तिचे नाव पेट्रियट गार्ड रायडर्स. म्हणजे देशभक्त राखणदार स्वार. त्यांचे नियम थोडे आहेत, पण चांगले आहेत.

पहिला नियम : घरच्यांनी बोलावले तरच जायचे. आपल्या मनाने जायचे नाही.

दुसरा नियम : कोणावर हात टाकायचा नाही. जे करायचे ते कायद्यात राहून करायचे.

तिसरी गोष्ट अशी, की सैन्यात नोकरी केलेलीच माणसे हवीत, असे नाही. फटफटी हवीच, असेही नाही. बायाही येतात, म्हातारी माणसेही येतात. मनात शिपायाविषयी आदर असला, म्हणजे झाले.

अंत्यविधीच्या दिवशी ही माणसे लवकर येतात. प्रत्येकाच्या हातात निशाण. दोन्ही बाजूंना रांग धरून ती उभी राहतात. पाट्यावाले आले असतील, तर त्यांच्याकडे पाठ करतात. निशाणांची जणू भिंतच होते. भिंतीपलीकडच्या पाट्या घरच्यांना दिसत नाहीत. पलीकडून ओरडा झाला, तर फटफट्यांची इंजिने मोठ्याने चालू करतात, किंवा देशाची गाणी म्हणतात. ओरडा त्यात बुडून जातो. ओरडा नसेल, तर ही माणसे एक शब्द बोलत नाहीत. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो.

मग यात्रा निघते. पेटीच्या गाडीबरोबर फटफट्या सावकाश चालतात. दफनभूमीत एक शिपाई बिगुल वाजवतो. सूर अवघे २४. पेटीवरचे निशाण तिकोनी घडी करून बायकोच्या किंवा आईच्या हाती देतात. ते झाले, की फटफटीवाले आपापल्या घरी जातात.

तुम्ही विचाराल, गुरुजी, सरकारने त्या पाट्यावाल्यांना बंदी का केली नाही? चांगला प्रश्न आहे. सरकारने कायदा केला. २००६ साली ठरले, की सरकारी सैनिकी दफनभूमीपासून ३०० फुटांच्या आत अशी निदर्शने करायची नाहीत. विधीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास ही मनाई. २०१२ साली हा वेळ दोन दोन तासांचा केला. पण ३०० फुटांच्या पलीकडे काय?

इराकमध्ये मेलेल्या एका सैनिकाच्या वडिलांनी या पंथावर फिर्याद केली होती. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २ मार्च २०११ रोजी निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी पंथाच्या बाजूने कौल दिला. त्यांचा सारांश असा, की बोलणे कितीही मनाला लागणारे असले, तरी सार्वजनिक जागी, नियम पाळून, सार्वजनिक प्रश्नावर बोलण्याचा हक्क काढून घेता येत नाही. एका न्यायाधीशाचे मत उलट पडले. तो बाप हरला.

म्हणजे पाहा, कायद्याचा हात तेवढ्यापुरताच पोहोचला. पण शेजाऱ्याने आडवे उभे राहायला कायद्याची ना नव्हती. त्यांना बोलण्याचा हक्क होता, तर यांना मध्ये उभे राहण्याचा हक्क होता. काठीने जे साधले नसते, ते नुसत्या उभे राहण्याने साधले.

या फटफटीवाल्यांत व्हिएतनामच्या लढाईतले पुष्कळ जुने शिपाई होते. ती लढाई १९७५ साली संपली. ते घरी आले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना कोणी या-बसा म्हटले नव्हते. तो सल माणूस विसरत नाही. आपल्याला मिळाले नाही, ते दुसऱ्याला मिळावे, असे वाटायला मन मोठे लागते.

आणखी एक गोष्ट. काही जुने शिपाई एकटेच मरतात. त्यांची राख वर्षानुवर्षे फळीवर पडून राहते. न्यायला कोणी येत नाही. २००७ सालापासून तिकडे एक संस्था अशी राख शोधते आणि सैनिकी दफनभूमीत मानाने ठेवते. अशा बेवारशी शिपायाच्या पुढे-मागेही हे फटफटीवाले चालतात. रडायला कोणी नसले, तरी सोबतीला ते असतात.

आता शेवटी माझी चूक सांगतो. माझा एक विद्यार्थी फौजेत होता. तो गेला. त्याला गावी आणले, त्या दिवशी आपल्याकडेही फटफट्या आल्या होत्या. पोरांच्या मनात आदरच होता, पण त्यांनी भोंगे वाजवले, घोषणा दिल्या, फोटो काढले. पाठोपाठ भाषणे झाली. मीही कर्ण्यावर पाव तास बोललो. मला वाटले, छान बोललो.

तेराव्यानंतर मी त्याच्या आईला भेटायला गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, लेकापाशी घटकाभर बसायचं हुतं. त्या गर्दीत कुनी बसूच दिलं न्हाई."

मी मान खाली घातली. आम्ही सगळे मान द्यायला गेलो होतो. पण तिला काय हवे, हे एकानेही विचारले नव्हते. पाट्यावाले वाईट हेतूने गेले, आम्ही चांगल्या हेतूने गेलो. पण त्या माउलीची शांतता आम्हीही हिरावलीच.

म्हणून मला त्या फटफटीवाल्यांचा पहिला नियम फार मोठा वाटतो. आधी घरच्यांना विचारा. ते म्हणतील या, तर जा. ते म्हणतील दूर उभे राहा, तर दूर उभे राहा. गर्दी आवरा, वाट मोकळी ठेवा, पाणी द्या. त्या आईला लेकापाशी घटकाभर बसू द्या.

एवढे केलेत, तर आजचे माझे बोलणे कामी आले, असे मी समजेन.