सामाईक यंत्र आणि रांगेतला माणूस



मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडायला घ्यावी, पांढरा पडदा दिसावा, त्यावर एक चक्र फिरत राहावे आणि आपण त्याकडे पाहत बसावे, हा अनुभव या सभागृहात कोणाला नाही? अशा वेळी आपण 'आज नेट स्लो आहे' असे म्हणतो. कोणी फोनला जुना ठरवतो, कोणी मोबाइल कंपनीला नावे ठेवतो, आणि वयस्कर मंडळी 'आपल्यालाच हे जमत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. दोष पुष्कळदा यांपैकी कोणाचाच नसतो. दूर कोठेतरी एका यंत्रापुढे रांग लागलेली असते आणि आपण त्या रांगेत उभे असतो. एस.टी.च्या खिडकीपुढची रांग डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही, एवढाच फरक. या न दिसणाऱ्या रांगेविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम हे पाहू, की वेबसाइट राहते कोठे? ती हवेत राहत नाही. तिला घर लागते, आणि ते घर म्हणजे सर्व्हर नावाचा, अहोरात्र चालू असलेला संगणक. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिली वेबसाइट चालवली, ती आपल्या टेबलावरच्या एका नेक्स्ट संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती. तेव्हा एक यंत्र आणि एक बिऱ्हाड, असा सरळ हिशेब होता. पुढे बिऱ्हाडे वाढली. 1997 साली वेबच्या देवघेवीचे जे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले, त्यांत असे ठरले, की पान मागणाऱ्याने आपल्याला कोणत्या नावाची वेबसाइट हवी ते सांगितलेच पाहिजे. वाड्याचा घरनंबर एकच, पण पत्रावर भाडेकरूचे नाव लिहिलेले असले की पोस्टमन नेमक्या खोलीपर्यंत पोचतो. तशीच ही सोय. तिच्यामुळे एका पत्त्यावर, एका यंत्रात, शेकडो वेबसाइटी सुखाने नांदू शकल्या. याच व्यवस्थेला 'शेअर्ड होस्टिंग' म्हणतात.

आता कोणी म्हणेल, की मग हे सामायिकच वाईट. मला तसे वाटत नाही. संगणकाच्या इतिहासात वाटून घेणे ही मोठीच पुण्याई आहे. एके काळी संगणक इतका महाग होता, की आपले काम कार्डांवर टोचून द्यावे आणि तासन्‌तास उत्तराची वाट पाहावी, अशी रीत होती. 1961 साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांना क्षणाक्षणाच्या पाळीने वाटून देण्याची रीत करून दाखवली, आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटू लागले. आज तालुक्याचे एखादे ग्रंथालय, एखादा छोटा प्रकाशक, एखादी नाट्यसंस्था वर्षाकाठी थोड्या हजारांत आपली वेबसाइट चालवू शकते, ती या वाटणीच्याच बळावर.

मग बिघडते कोठे? बँकेत सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, या भरवशावर बँक चालते. तसेच सगळ्या वेबसाइटींवर एकाच वेळी गर्दी होत नाही, या भरवशावर होस्टिंगवाला एका यंत्रावर पुष्कळ बिऱ्हाडे ठेवतो. हा भरवसा खोटा नाही, पण त्याला मर्यादा आहे. ती मर्यादा कशी ओळखायची याचा पाया एका डॅनिश गणितज्ञाने संगणकाच्याही आधी घालून ठेवला आहे. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्यांचे नाव. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते, आणि टेलिफोनच्या संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावणारा त्यांचा निबंध 1909 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरू केलेल्या विचारातून पुढे रांगेचे शास्त्र उभे राहिले.

त्या शास्त्राचे एक साधे उदाहरण घेऊ. समजा, खिडकी एक आहे आणि एका माणसाचे काम सरासरी 0.2 सेकंदात उरकते. माणसे ठरवून येत नाहीत, वाटेल तेव्हा येतात. कामेही कोणाचे लहान, कोणाचे मोठे. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांग धरून एका माणसाला सरासरी 0.4 सेकंद लागतात. 80 टक्के गुंतलेली असेल तर 1 सेकंद. 90 टक्क्यांना 2 सेकंद. 95 टक्क्यांना 4 सेकंद. आणि 99 टक्क्यांना? 20 सेकंद! काम तेवढेच, खिडकी तीच, वाट पाहणे मात्र आभाळाला भिडले. यंत्राला खिडक्या अनेक असतात, त्यामुळे ही चढण थोडी उशिरा लागते, पण लागते अशीच. 90 वरून 95 वर जाताना यंत्राच्या मालकाला आणखी थोडी बिऱ्हाडे मिळाली, एवढेच दिसते. दारात उभ्या असलेल्याची वाट मात्र दुप्पट होते. मालकाच्या वहीत जी काटकसर म्हणून जमा होते, ती ग्राहकाच्या आयुष्यात वेळेचा खर्च म्हणून पडते, आणि त्या खर्चाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

यापुढची पायरी अधिक वाईट. आजच्या बहुतेक वेबसाइटींचे पान तयार ठेवलेले नसते. मागणी आली की माहितीच्या कोठारातून जिन्नस काढून ते रांधावे लागते. अशी शेकडो पाने एकदम रांधायला घेतली की यंत्राची स्मरणशक्ती अपुरी पडते. मग ते हातातले काम खाली ठेवते, दुसरे उचलते, पुन्हा पहिले शोधते. या उचलठेवीतच त्याचा वेळ जातो आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. पीटर डेनिंग यांनी 1968 साली या अवस्थेची कारणमीमांसा केली. त्यात आपण काय करतो? अधीर होऊन तेच पान पुन्हा पुन्हा मागतो. जुनी मागणी यंत्राकडे पुष्कळदा तशीच पडून असते, तिच्यामागे आपलीच दुसरी आणि तिसरी येऊन उभी राहते!

आपल्या वेबसाइटीचे दुखणे हेच आहे, हे ओळखावे कसे? दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: अंतर आणि रांग. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सरळ रेषेत गेले तरी एका फेरीला सेकंदाचा आठवा भाग लागणार, आणि सुरक्षित पानाचे पहिले अक्षर येण्याआधी अशा सहसा दोन-तीन फेऱ्या होतात. हा विलंब अटळ आहे, पण तो सकाळी असतो तेवढाच रात्री असतो. रांगेचा विलंब मात्र घटकेघटकेला बदलतो. आपल्याच घरून इतर वेबसाइटी झटपट उघडत आहेत, आणि एकच वेबसाइट कधी क्षणात, तर कधी दहा सेकंदांनी पहिले अक्षर दाखवते आहे, असे दिसले तर संशय रांगेवर घ्यावा. गर्दीची वेळही आपली असेलच असे नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि त्याचे शेजारी तिकडचे असतील, तर आपल्या रात्री साडेदहाला त्यांची भरदुपार असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. जाहिरातीत 'अमर्याद' हा शब्द असतो. अमर्याद जागा, अमर्याद वापर! यंत्राला मर्यादा असते, तेव्हा अमर्याद असे काही विकताच येत नाही. खरी मर्यादा करारात बारीक अक्षरांत 'वाजवी वापर' या नावाने लपलेली असते. वास्तविक मोजून वाटण्याची साधने आज उपलब्ध आहेत. कोणाला यंत्राचा किती वेळ आणि किती स्मृती द्यायची, याचे माप घालून देण्याची सोय लिनक्स प्रणालीत 2008 सालीच आली. तेव्हा उधळ्या शेजाऱ्याला आवरता येते. प्रश्न इच्छेचा आणि हिशेबाचा आहे.

सामाईक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी उजाड होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले आणि पाट अभ्यासून दाखवले, की लोकांनी स्वतः नियम केले, वापरावर नजर ठेवली आणि चुकणाऱ्याला आवरले, तर सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या कामासाठी त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाटाचे पाणी पाळीने घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पाट सामाईक असतो म्हणून भांडण होत नाही. पाळी कोणाची हे कोणी सांगत नाही, तेव्हा भांडण होते. सर्व्हरचेही तसेच आहे. वाटून घेणे हा दोष नव्हे, न मोजता वाटणे हा दोष आहे.

कोणी म्हणेल, चार सेकंदांनी असे काय बिघडते? करमणुकीच्या पानावर काही बिघडत नाही. पण प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस असतो, शिष्यवृत्तीची मुदत रात्री बाराला संपते, आणि खेड्यातली एखादी मुलगी मागून आणलेल्या फोनवर ते चक्र पाहत बसलेली असते. ज्याच्याजवळ वेळ आहे तो पहाटे उठून अर्ज भरतो. जिला तासाभरासाठीच फोन मिळाला आहे, तिची संधी जाते, आणि 'अर्ज वेळेत आला नाही' एवढाच शेरा राहतो. तिला कोणी नकार दिला नाही. तिला फक्त थांबवून ठेवले. आपल्या समाजात गरिबाला नकार देण्याची ही फार जुनी रीत आहे. ती यंत्राच्या पोटात जाऊन बसली म्हणून निर्दोष ठरत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेची, शाळेची, पतपेढीची वेबसाइट आहे, त्यांना माझे सांगणे आहे. आधी मोजा: पहिले अक्षर यायला किती वेळ लागतो, ते आठवडाभर निरनिराळ्या वेळी टिपून ठेवा. वारंवार मागितले जाणारे पान एकदा रांधून तयार ठेवा. 'कॅशिंग' म्हणतात ते हेच, आणि पुष्कळदा एवढ्यानेच भागते. नको असलेली प्लगिने काढून टाका. तरीही रांग हटली नाही, तर होस्टिंगवाल्याला लेखी विचारा, की आमच्या वाट्याला किती माप आहे आणि शेजाऱ्याला आवर कोण घालतो. उत्तर 'अमर्याद' असे आले, तर घर बदला. आणि जेथे लोकांच्या हक्काची मुदत त्या पानावर अवलंबून आहे, तेथे यंत्र तुंबले तर मुदत आपोआप वाढेल, असा नियम आधीच करून ठेवा.

रांग वाईट नाही. रांगेत सगळे समान असतात, ही लोकशाहीची खूणच आहे. पण रांग दिसली पाहिजे, पुढे सरकली पाहिजे, आणि तिच्या शेवटी उभा असलेला माणूस खिडकीतल्या माणसाला माहीत असला पाहिजे.