संदेशांचीं भुयारें

1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी दगडी नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणविलें. नळ जमिनीखालीं, परंतु वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधिले होते. त्यांतून कोंडलेली हवा निघे आणि आंत उतरून नळाची तपासणीही करतां येई.

आजच्या पुण्यांतून जे संदेश वाहतात, त्यांनाही भुयारें असतात. मात्र तीं खुणांचीं. मोठ्या जाळ्याच्या तोंडाशीं संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावर लेबल, म्हणजे 20 बिटांचा एक आंकडा, चढवितात. वाटेंतील राऊटर संपूर्ण पत्ता न वाचतां तो आंकडा पाहतो, बदलतो व तुकडा पुढें धाडतो. या पद्धतीचा आराखडा 2001 सालीं प्रसिद्ध झाला.

मुंबईची जवळची वाट भरली, तर कांहीं वाहतूक दूरच्या वाटेनें, जागा आगाऊ राखून, नेतां येते. मागणी पुण्याहून टप्प्याटप्प्यानें पुढें जाते. उलट येतांना प्रत्येक टप्पा आपलें लेबल मागल्यास कळवितो. ही कबुली साधारणतः दर 30 सेकंदांनीं ताजी करावी लागते. तें बराच वेळ थांबलें, कीं भुयार मोडतें.

भुयार उभेंच राहत नसेल, तर तीन प्रश्न विचारावे. प्रत्येक दुव्यावर ही व्यवस्था चालू आहे काय? मागितली तेवढी जागा शिल्लक आहे काय? नेमून दिलेल्या वाटेंतील एखादा टप्पा बंद आहे काय? भुयार उभें असून रिकामें असेल, तर वाहतूक त्यांत वळविलीच नाहीं, असें बहुधा आढळतें.

खरा धोका निराळाच. नोंदींत भुयार चालू दिसतें आणि आंत तुकडे मात्र हरवतात. अशा वेळीं रुग्णाचें चित्र दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोंचत नाहीं, आणि दोष कोणास दिसतही नाहीं. म्हणून त्याच लेबलांच्या वाटेनें परीक्षेचा तुकडा सोडतात. त्याची आयुमर्यादा एकेक टप्प्यानें वाढविली, म्हणजे तो कोठें अडतो तें कळतें. हाच या भुयाराचा उच्छ्वास.

रस्ता खोदतांना तार तुटलीच, तर आधीं आंखलेली पर्यायी वाट सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास काम हातीं घेऊं शकते. परंतु दोन्ही तारा एकाच चरांतून नेल्या असतील, तर एकाच कुदळीनें दोन्ही तुटतात. नकाशावरील दोन वाटा जमिनीवरही दोनच आहेत ना, हें पाहणें देखभालीचें पहिलें काम होय.