एका पेटीतल्या तीन वाड्या

श्रोतेहो, गावात दवंडी पिटली म्हणजे ती ज्याच्या कामाची त्यालाही ऐकू येते आणि ज्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही त्यालाही. संगणकांच्या जाळ्यातही असेच चालते. सकाळी संगणक चालू केला की तो आधी दवंडी देतो : मला कुणी पत्ता देता का? चोवीस वायरी लावायची सोय असलेली स्विच नावाची पेटी ती दवंडी उरलेल्या तेवीस ठिकाणी पोहोचवते.

आमच्या महाविद्यालयात हे फार महागात पडले. ऑफिस, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय, तिन्ही एकाच स्विचवर. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी ऑफिसातले संगणक सकाळपासून मुके. खिडकीपुढे पन्नासेक मुले, निम्मी खेड्यांवरून आलेली, परतीची एस. टी. चुकेल म्हणून घड्याळाकडे बघताहेत. कारण सापडायला दुपार उलटली. प्रयोगशाळेत एका मुलाने घरचा वाय-फाय राउटर आणून जोडला होता, आणि ऑफिसच्या दवंडीला तोच आधी उत्तर देऊन भलतेच पत्ते वाटीत होता. मुलाच्या मनात खोडी नव्हती हो. त्याला मोबाईल चालवायचा होता, एवढेच.

आता यावर नव्या वायरी ओढायला नकोत. स्विच मॅनेज्ड जातीचा असला, तर त्याच्या आतच भिंती घालता येतात. (अगदी स्वस्तातल्या पेटीत ही सोय बहुधा नसते; घेण्यापूर्वी विचारा.) या वाड्यांना व्हीलॅन म्हणतात. प्रत्येकीला क्रमांक द्यायचा. आम्ही ऑफिसला १०, प्रयोगशाळेला २० आणि ग्रंथालयाला ३० दिला. मग कोणते पोर्ट, म्हणजे वायर लावायचे भोक, कोणत्या वाडीचे ते ठरवून दिले. एका वाडीची दवंडी दुसरीत जात नाही. वाडीवाडीत देवघेव हवीच असेल, तर ती राउटरमार्फत, आपण परवानगी देऊ तेवढीच.

पण ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत असले, तिथे दुसरा स्विच असला, तर? दोन्ही पेट्यांमधली वायर एकच, आणि तिच्यावरून माल तिन्ही वाड्यांचा. अशा वायरीच्या पोर्टला ट्रंक ठरवतात. तिथून निघणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर चार बाइटांची चिठ्ठी चिकटते, तिच्यात वाडीचा क्रमांक. पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचतो, ती काढतो आणि गठ्ठा योग्य दारी टाकतो. संगणकाला पत्ताही लागत नाही. ८०२.१क्यू नावाचे हे प्रमाण १९९८ साली मंजूर झाले. क्रमांकासाठी चिठ्ठीत बारा बिटांची जागा असते, म्हणून वाड्या ४०९४ पर्यंत होतात. शाळेला तीन-चार पुष्कळ.

शिक्षक बंधुभगिनींनो, चुका होतात त्या साध्याच. एका टोकाला ट्रंक ठरवली आणि दुसऱ्या टोकाला विसरलो, असे माझेच झाले. आपण ज्या पोर्टवर बसून काम करतो तोच दुसऱ्या वाडीत टाकला, की स्विच आपल्याशीच बोलेनासा होतो. आणि सगळे जुळल्यावर 'सेव्ह' करायचे राहिले, तर बऱ्याच स्विचमध्ये वीज जाताच मेहनत पुसली जाते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते मी सांगायला नको.

पुढे प्रयोगशाळेत कुणीतरी पुन्हा तसाच राउटर लावलाच. त्या दिवशी प्रयोगशाळा अडली. ऑफिसची खिडकी मात्र पाच वाजेपर्यंत चालू होती.