साक्षीदार एकटा राहू नये
(वस्तीतील नागरिकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



वस्तीत कोणी दारू पिऊन धिंगाणा घातला, पानठेल्यावरच्या टोळक्याने शाळेत जाणाऱ्या मुलींना त्रास दिला, कोणी एखाद्याच्या दारात येऊन जातीवरून शिवीगाळ केली, तर आपण काय करतो? बहुधा दोनच गोष्टी करतो. दार लावून घेतो, नाहीतर काठी घेऊन धावतो. या दोहोंच्या मधली एक वाट आहे आणि ती शिकावी लागते. म्हणून हा वर्ग.

काठीचे आधी बोलू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसे होती. जमावातल्या अनेकांना आपण गावाचे रक्षण करतो आहोत असेच वाटत असणार. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते, असे आजचा कायदा सांगतो. पकडण्याचा हक्क आहे, मारण्याचा नाही.

आपल्याला हे नवीन नसावे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर, ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. आपल्या माणसांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, जखमींची व्यवस्था पाहिली, पोलिसांत फिर्याद नोंदवली. त्याच वर्षी जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. उलटा मार दिला असता तर खटला कोणावर चालला असता, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. खैरलांजीचे नाव घेतल्याशिवाय भंडारा जिल्ह्यात या विषयावर बोलता येत नाही. पण आम्ही आज त्यातली एकच गोष्ट सांगणार आहोत. सभांमधून तिच्यावर फारसे बोलले जात नाही.

मोहाडी तालुक्यातल्या या गावात बौद्धांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. ३ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाच्या नात्यातले, शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील यांना मारहाण झाली. सुरेखाताई आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावे सांगितली. चांगल्या नागरिकाने जे करावे ते या माय-लेकींनी केले. आरोपींना अटक झाली. २९ सप्टेंबरला त्यांना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर चौघेही मारले गेले. घराबाहेर असलेले भैयालाल वाचले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागला नाही. भैयालाल यांचे २०१७ मध्ये निधन झाले.

आम्हाला यातून दिसते ते असे की, मारहाण पाहिली तो क्षण त्या घरासाठी सर्वांत धोक्याचा नव्हता. धोक्याचा काळ नंतर आला, नाव सांगितल्यावर, आणि सर्वांत धोक्याचा दिवस होता जामिनाचा. आपली सारी तयारी भांडणाच्या वेळेपुरती असते. भांडण मिटले, पोलीस येऊन गेले, की सगळे जेवायला घरी. ज्याने जबाब दिला त्याच्या घराभोवती त्या रात्री कोण असते?

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही, म्हणून त्या एकट्याला धमकावून चोराला फारसे काही मिळत नाही. साक्षीचेही तसेच करावे. घटना दहा घरांनी पाहिली असेल तर जबाब एकाच घराने का द्यावा? पाच घरांनी दिला तर त्या पहिल्या घराचा धोका तिथेच बराच उतरतो. (लग्नाच्या पंगतीला हीच दहा घरे न बोलावता जमतात, हे आपण जाणतोच.)

आज वर्गात आपण जे करून पाहिले ते याच हिशेबाने. दारू प्यालेला माणूस ओरडत असेल तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला घेरायचे नाही, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. हातात हत्यार दिसले तर अंतर हेच संरक्षण. ज्याला त्रास होतो आहे त्याला हाक मारून आपल्याकडे, उजेडात बोलवायचे. मुलीची छेड निघाली तर आधी तिच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. त्या टोळक्याचे नंतर पाहू. एकाने फोन, एकाने पीडिताजवळ थांबणे, एकाने वेळ, गाडीचा नंबर आणि शब्द लिहून ठेवणे. शब्द जसेच्या तसे. पुढे तक्रार टिकते ती यावर. चित्रण केले तर ते पोलिसांना द्यावे, गावभर मोबाइलवर फिरवू नये. मुलीची बदनामी होते, आणि कोणी चित्रण केले हेही त्यांना कळते.

फोन ११२ वर करायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून आहे. पण लक्षात घ्या, फोन उचलणारा माणूस भंडाऱ्यात बसलेला नसतो. ‘विहाराजवळ या’ म्हटले तर त्याला काय कळणार? जिल्हा, तालुका, गाव, मग खूण, या क्रमाने सांगा. सकाळी तिघांनी हा सराव केला तेव्हा तिघेही तालुका विसरले, म्हणून पुन्हा सांगतो.

ठाण्यात जाताना एकट्याला पाठवू नका. हद्द आमची नाही म्हणून नोंद नाकारता येत नाही, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपा.

आणि जामिनाचा दिवस. २६ जानेवारी २०१६ पासून अॅट्रॉसिटी कायद्यात सुधारणा लागू झाली. त्यात पीडिताला न्यायालयाच्या कामकाजाची, जामिनाच्या सुनावणीचीही, वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क २००६ मध्ये कायद्यात नव्हता. आज तो आहे, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देईल या भरवशावर राहू नका. त्याचप्रमाणे डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. त्या योजनेप्रमाणे जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे साक्षीदाराला संरक्षणासाठी अर्ज करता येतो. समिती धोक्याचा अहवाल पोलिसांकडून मागवते, आणि तातडी असेल तर निकालाआधीही संरक्षण देऊ शकते. किती वस्त्यांना हे ठाऊक आहे? कायदा कपाटात राहतो आणि माणूस उघड्यावर.

वस्तीचे काम त्याच दिवशी आहे. जामीन झाला की त्या घरी रात्री दोन-तीन शेजारी मुक्कामाला, अंगणातला दिवा चालू, शेतावर जाताना सोबत, आणि मुलांना शाळेत पोहोचवायला कोणीतरी मोठे. हे पंधरा दिवस चालवायचे. पाळ्या आधीच लावून ठेवल्या तर जड जात नाही. जड जाते ते ऐनवेळी शोधाशोध करताना.

पुढील रविवारी दुपारी दोन वाजता संरक्षणाचा अर्ज कसा लिहावा याचा सराव आहे. प्रत्येक घरातून एकाने यावे, शक्यतो महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी. सोबत वही, पेन आणि आपल्या पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून आणावा. पाळ्यांची यादी विहाराच्या फळ्यावर लावली आहे. तिच्यात अजून सात जागा रिकाम्या आहेत. जयभीम.